सिमाने बोललेला डोंगर

चीनमधल्या एका डोंगरावर जाऊन मलिदा करायचा, एवढंच माझं काम होतं. यात कोणाला राग येण्यासारखं काय आहे ते मला अजून कळलेलं नाही. पण त्या एका वर्षात माझ्यावर कचेऱ्या रागावल्या, शेजारी रागावले, देवळातले गुरुजी कोड्यात पडले आणि माझी मुलगी तर फोनच ठेवून द्यायची. डोंगर तेवढा काही बोलला नाही.

मलिदा म्हटलं की लोकांना पुढाऱ्यांनी खाल्लेला आठवतो. आमचा तसा नाही. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कुलाबा जिल्ह्यातले यहुदी. आमच्यात नवस फिटला की एलियाहू हन्नाबी या प्रेषिताच्या नावाने मलिदा करतात. भिजवलेले पोहे, खोबरं, साखर, वेलची, वर फळं. प्रार्थना म्हणायची आणि सगळ्यांनी मिळून खायचं. सिमाच्या माहेरी आणखी एक रीत होती. एक खुर्ची रिकामी ठेवून तिच्यापुढे एक ताटली ठेवायची. एलियाहू कधीही येतो म्हणून. अलिबागजवळ खंडाळ्याला एक कातळ आहे. एलियाहूचा रथ तिथूनच वर गेला, चाकाची खूण अजून आहे, असं आमचे लोक मानतात. मोठे नवस तिथे जाऊन फेडतात.

सिमा माझी बायको. तिने खंडाळ्याचा नवस केला असता तर मी तिकीट काढून गेलो असतो आणि ही गोष्ट इथेच संपली असती.

बाहत्तरच्या ऑक्टोबरात कॉव्हेंट्रीच्या हॉस्पिटलात माझ्या डाव्या फुप्फुसाचा तुकडा काढला. मोटारींच्या कारखान्यात रंगखात्यात बरीच वर्षं काढली होती, त्याचं ते बक्षीस. मला आत नेलं तेव्हा सिमा वॉर्डात माझ्या रिकाम्या खाटेशी स्टुलावर बसून राहिली. समोरच्या भिंतीवर एक कॅलेंडर होतं. मलायाकडच्या एका नर्सने आणलेलं. तिच्या मामाची चिनी खाणावळ होती, तिथलं. त्यावर एक उघडा कातळ, त्यावर वाकलेलं पाइनचं झाड, झाडाने एक फांदी हात पुढे करावा तशी बाहेर काढलेली आणि खाली सगळे ढग.

मी शुद्धीवर आलो. नाकात नळी, छातीत नळी. सिमाने मला पहिली बातमी दिली ती ही.

"नवस बोललेय मी. घरी आलात तर मलिदा करीन."

"कुठे?"

तिने हनुवटीने भिंतीकडे दाखवलं.

"अगं, तो चीन आहे."

"असेल."

"खंडाळा सोडून चीन?"

"मी काय नकाशा घेऊन बसले होते? तुम्हाला आत नेलं, दार लागलं, समोर तो कातळ होता. आपल्या खंडाळ्यासारखा दिसला. समोर होता त्याच्यावर बोलले."

"बदलून नाही का घेता येणार?"

"काय बदलून घेता येणार? दुकान आहे? मोठं काम होतं, मोठा डोंगर धरला. आता गप पडा."

घरी येताना नर्सने ते कॅलेंडर सिमाला देऊन टाकलं. सिमाने ते स्वयंपाकघरात लावलं आणि पान कधी उलटलं नाही, कारण डोंगर ऑक्टोबरवर होता. आमच्या घरी त्यानंतर ऑक्टोबरच राहिला. दुधवाल्याने एकदा त्यावर बोट ठेवून माझ्याशी तारखेवरून भांडण केलं होतं.

चीनला जाऊ, पेन्शन झाली की जाऊ, असं आम्ही म्हणायचो. मी बरा झालो. मला स्टोअरमध्ये हलकं काम दिलं. आणि चौऱ्याहत्तरच्या फेब्रुवारीत सिमा गेली. स्वयंपाकघरात, चहा गाळताना. मी बाहेरच्या खोलीत होतो. कपाचा आवाज आला तेव्हा मी बसल्या जागेवरून विचारलं, "फुटला का?"

याच्यापुढे मला त्या दिवसाबद्दल लिहिता येत नाही.

दुखवट्याला लंडनहून आमचे लोक आले. त्यात एक म्हाताऱ्या बाई होत्या. उकडलेलं अंडं सोलता सोलता त्या दुसरीला म्हणाल्या, "नवस राहिला होता ना गं तिचा?" हळूच म्हणाल्या. पण फुप्फुसाचा तुकडा गेला की कान चांगले होतात की काय कोण जाणे, मला ऐकू आलं. सोललेलं अंडं त्यांनी मीठ लावून खाल्लं. मला मात्र त्या दिवसापासून डोंगरावर जायचं होतं.

आधी मी सिनेगॉगमधल्या, म्हणजे आमच्या देवळातल्या, गुरुजींना विचारलं. आमच्या प्रार्थनेला दहा पुरुष लागतात आणि कॉव्हेंट्रीत ते जमायची मारामार, त्यामुळे गुरुजींना माझं मोल होतं. त्यांनी पुस्तक काढलं.

"बायकोचा नवस नवऱ्याला रद्द करता येतो," ते म्हणाले. "पण ज्या दिवशी कानावर आला त्याच दिवशी. तुम्ही त्या दिवशी नको म्हणालात का?"

"मी त्या दिवशी नळ्या लावून पडलो होतो."

"काहीच बोलला नाहीत?"

"बदलून घेता येईल का, एवढं विचारलं."

त्यांनी बराच वेळ दाढी धरून ठेवली. "प्रश्न विचारणं म्हणजे नकार नव्हे. नवस कायम झाला." मग म्हणाले, "चीनमध्ये खायला कोशर काय मिळणार तुम्हाला?"

ट्रॅव्हल एजंटकडे गेलो. त्याने मला डोंगरच पाहिजे ना म्हणून स्वित्झर्लंड दाखवलं. मग समुद्र दाखवला. चीन म्हटल्यावर त्याने पत्रकं पुन्हा कपाटात ठेवली आणि माझी तब्येत विचारली.

मग मी पासपोर्ट काढून बघितला. माझा पासपोर्ट तेव्हा भारताचा. त्यात कुठल्या कुठल्या देशांना जाता येईल ते लिहिलेलं असायचं. चीन नव्हता. लंडनला भारताच्या कचेरीत गेलो. खिडकीत श्रीकांत नावाचा पुण्याकडचा तरुण कारकून होता. माझं नाव बघून तो म्हणाला, "काका, तुमचे लोक येतात ते इस्राएल घालून घ्यायला. तुम्ही चीन म्हणता?"

"डोंगर तिकडे आहे."

"दार्जिलिंगला डोंगर नाहीत? आणि बासष्टला काय झालं ते माहीत आहे ना? मी साहेबांकडे हा कागद घेऊन गेलो तर ते आधी माझीच चौकशी करतील."

त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. त्याने मला चहा दिला आणि चीन दिला नाही.

आमच्या शेजारी डॉक्टर गिरीश राहायचे. माझं ऑपरेशन झालं त्याच हॉस्पिटलात होते. त्यांची बायको सुमेधा. सिमाचं आणि तिचं मागच्या अंगणाच्या भिंतीवरून बोलणं चालायचं, त्यात मी आजारी असताना कोथिंबीर आणि डबे इकडून तिकडे जायचे. गिरीश म्हणाले, "काका, इतकी वर्षं इथे आहात. ब्रिटिश पासपोर्ट मागा, मिळेल." त्यांनी हे सहज म्हटलं. मी सहज केलं नाही, पण केलं. मुंबईत जन्मलो, पहिल्या स्वातंत्र्यदिनाला मी सायकलवरून बँड बघायला गेलो होतो आणि पोहे भिजवण्यासाठी मी देश बदलला. दुसऱ्या कोणी केलं असतं तर मीही हसलो असतो.

सुमेधावहिनी हसल्या नाहीत. "भाऊ, चीनच का हो? माझे मोठे दीर बासष्टच्या लढाईत नेफात होते."

"परत आले ना?"

"आले. पायाची बोटं तिकडेच राहिली."

त्या दिवाळीला आमच्याकडे चकल्या आल्या नाहीत. महाराष्ट्र मंडळाच्या जेवणात मी बसलो त्या टेबलावर जागा आहे हे कोणाच्या लक्षात आलं नाही.

मुलगी ईवा मेडनहेडला असते. नवरा इंग्रज, कॉम्प्युटरचं काहीतरी करतो. तिचं मराठी आमच्या स्वयंपाकघरात शिकलेलं, तेवढंच.

"पपा, हा सगळा गोष्ट वेडा आहे. मम्मीचा नवस मम्मीबरोबर गेली."

"गेला नाही. मी इथे आहे ना."

"माझी पोरं तुम्हाला बघायला मागतात, आणि तुम्ही डोंगर बघायला मागता!" आणि फोन ठेवला. नंतर पुन्हा केला आणि विचारलं, "जेवला का?" तो राग आणि ती चौकशी, दोन्ही थेट आईची.

पासपोर्ट आला, पण चीन एकट्या माणसाला घेतच नव्हता. मैत्री मंडळामार्फत शिष्टमंडळ म्हणून गेलात तर घ्यायचा. कॉव्हेंट्रीत असं एक मंडळ होतं हे मला कारखान्यातल्या युनियनवाल्याने सांगितलं. सायकलच्या दुकानावर त्यांची खोली. चिटणीस मिस पेनफोल्ड, निवृत्त भूगोल शिक्षिका, गुडघ्यापर्यंत बूट आणि आवाज वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. मंडळात सगळे मास्तर, ग्रंथपाल, एक दंतवैद्य. कामगारांच्या देशाशी मैत्री, पण कामगार एकही नाही. मी रंगखात्यात होतो म्हटल्यावर सगळे माझ्याकडे वळले. एकाने उठून मला खुर्ची दिली. एफ्राईम किहिमकर हे नाव त्यांना पेलेना, म्हणून मी त्याच दिवशी कॉम्रेड फ्रेड झालो.

मी मिस पेनफोल्डना सगळं सरळ सांगितलं. सिमा, नवस, मलिदा, खुर्ची. त्या ऐकून घेऊन म्हणाल्या, "मी देव मानत नाही. तेही मानत नाहीत. धर्म कागदावर आणता येणार नाही. आणि नुसता डोंगर बघायला जाणं ही चैन झाली. काहीतरी उपयोगाचं कारण लागेल. हे जे तुम्ही भिजवता, ते कशाचं असतं?"

"भाताचं. उकडून, भाजून, चेपतात."

त्यांचे डोळे चमकले. तिथेच मी उठून यायला हवं होतं.

त्यांनी अर्जात लिहिलं की कोकणातील श्रमिकांची तांदूळ चेपण्याची पारंपरिक पद्धत कॉम्रेड फ्रेड चिनी बंधूंना दाखवू इच्छितात, आणि हे प्रात्यक्षिक डोंगरावर झाल्यास बरे. डोंगराचं नाव त्यांनी नकाशात बघून घातलं, हुआंगशान. एकदा घरी येऊन स्वयंपाकघरातलं कॅलेंडर बघताच त्यांनी डोंगर ओळखला होता. मग हिवाळाभर दर गुरुवारी मला त्या खोलीत बसून शेतीवरची चिनी पुस्तिका वाचावी लागली. मी पोह्यांवर भाषण दिलं. दोनदा. मला पोहे खाता येतात, यापलीकडे मला त्यातलं काही कळत नाही. तरी दंतवैद्याने टिपणं काढली.

पोहे कुठून आणायचे हा प्रश्न होता. एक दिवस मागच्या दारात पिशवी ठेवलेली दिसली. भिंतीवरून सुमेधावहिनी म्हणाल्या, "लेस्टरहून आणलेत. जाड आहेत. चीनसाठी नाहीत हं. सिमावहिनींसाठी." आणि आत निघून गेल्या.

मार्चमध्ये चीनहून उत्तर आलं. आमचं शिष्टमंडळ मंजूर. चेपलेल्या तांदळाच्या प्रात्यक्षिकाबद्दल विशेष उत्सुकता. त्यासाठी एका मोठ्या भातगिरणीत व्यवस्था केली आहे. गिरणी सपाट प्रदेशात होती. डोंगर यादीतच नव्हता, परदेशी पाहुण्यांसाठी सोय नाही म्हणे. खोलीत सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मिस पेनफोल्डनी मात्र वाजवल्या नाहीत. त्या माझ्याकडे बघत होत्या.

मी घरी येऊन नकाशा पसरला. गिरणी आणि डोंगर यांच्यात चार बोटं अंतर होतं. मी ठरवलं, तिथे गेल्यावर एक दिवस आजारी पडायचं. सगळे गिरणीत गेले की मी पिशवी घेऊन निघायचं. रस्ता विचारत जायचं. माणसं सगळीकडे असतात.

फक्त प्रवासाला लागणारा डॉक्टरी दाखला राहिला होता. तो घ्यायला मी शेजारी, गिरीशच्या माडीवरच्या खोलीत गेलो आणि मूर्खासारखी त्यांना योजना सांगितली. माणूस एकटा राहिला की जो विचारेल त्याला सगळं सांगतो.

गिरीशनी पेन खिशात ठेवलं. "नाही देणार."

"डोंगराचं लिहू नका. गिरणीपुरता द्या."

"काका, तुम्ही आमच्याकडे वर येता तेव्हा जिन्यात मधे थांबता आणि खिशातून पेपर काढून वाचल्याचं दाखवता. मला काय कळत नाही? त्या डोंगराला हजारो पायऱ्या आहेत, मी वाचलंय. तुम्ही अर्ध्यात बसाल आणि उठणार नाही."

"तर नाही उठणार."

"असं का?" आता त्यांचा आवाज चढला. "काकूंनी नवस कशासाठी केला होता? डोंगरासाठी? तुम्ही घरी यावं म्हणून केला होता ना? ते घरी येणं तुम्ही तिकडे नेऊन टाकणार, आणि वर म्हणणार की नवस फेडला?"

मी दुसऱ्या डॉक्टरकडे जाऊ शकलो असतो. गेलो नाही. जिना उतरताना मी पेपर न काढता थांबलो.

शिष्टमंडळ मे महिन्यात माझ्याशिवाय गेलं. पोहे गेले, मी राहिलो. कॉव्हेंट्रीचा एकमेव कामगार मागे राहिला याचं मंडळाला फार वाईट वाटलं. मिस पेनफोल्ड आदल्या दिवशी घरी आल्या. ओट्याशी उभं राहून त्यांनी माझ्याकडून पोहे भिजवायला शिकून घेतले. किती पाणी, केव्हा निथळायचं, खोबरं केव्हा. शिक्षिकाच त्या, मला तीनदा करून दाखवायला लावलं.

"आणि खुर्ची?" त्यांनी विचारलं.

"राहू द्या. तिकडे काय सांगणार त्यांना?"

"तो माझा प्रश्न आहे," त्या म्हणाल्या.

जूनमध्ये शाळेच्या हॉलमध्ये स्लाइड दाखवण्याचा कार्यक्रम झाला. मी जाणार नव्हतो, गिरीशनी ओढून नेलं. सुमेधावहिनीही आल्या, हाताची घडी घालून बसल्या. मिस पेनफोल्ड स्वतः यंत्राशी. ट्रॅक्टर. आणखी ट्रॅक्टर. एक धरण उलटं लागलं होतं, ते सुलट करेपर्यंत दंतवैद्याने त्यावर माहिती सांगून टाकली. मग कोंबड्या. मला झोप येऊ लागली होती.

"आता भातगिरणी," मिस पेनफोल्ड म्हणाल्या. "कॉम्रेड फ्रेड, हे तुमचं."

लांब टेबल. निळ्या कपड्यांतली माणसं, प्रत्येकापुढे ताटली. मलिदा जरा पाणचट दिसत होता, पण मलिदाच होता. वर सफरचंदाच्या फोडी. टेबलाच्या टोकाला एक रिकामी खुर्ची, तिच्यापुढे एक ताटली आणि चहाचा कप.

"खुर्ची कोणाची म्हणून त्यांनी विचारलं," मिस पेनफोल्ड म्हणाल्या. "मी म्हटलं, एक जण यायचा आहे, त्याला नेहमीच उशीर होतो. त्यांनी लगेच त्याच्यासाठी चहा ओतला. शेवटपर्यंत कोणी त्या ताटलीला हात लावला नाही."

लोक हसले. मी खुर्चीकडे बघत होतो, म्हणून मला वरचं उशिरा दिसलं. खुर्चीच्या मागे, भिंतभर मोठं चित्र होतं. उघडा कातळ. त्यावर वाकलेलं झाड. हात पुढे करावा तशी फांदी. खाली ढग.

"ते मागचं," मी म्हणालो. "मागे काय आहे?"

"ते? ते चित्र तर सगळीकडे होतं. स्टेशनवर, हॉटेलात, शाळेत. पाहुणे बसतात त्यांच्या मागे लावतात." मग त्या थांबल्या. त्यांनी माझ्या स्वयंपाकघरातला ऑक्टोबर बघितलेला होता. "अरे देवा," त्या म्हणाल्या. देव न मानणारी बाई.

"जरा राहू द्या ते," मी म्हणालो.

त्यांनी राहू दिलं. सुमेधावहिनींनी घडी सोडून माझ्या बाहीला हात लावला. सिमा स्टुलावर बसली होती, दार लागलं होतं, समोर हे होतं, आणि ती कोणालाही न विचारता बोलली होती. मी तेवढंच बघत होतो. किती वेळ गेला माहीत नाही. आधी वास आला, प्लास्टिक जळल्यासारखा. मग झाडाच्या फांदीवर तपकिरी डाग पडला, तो पसरला, आणि कातळाच्या मधोमध भोक पडून त्यातून पांढरा उजेड आला. मिस पेनफोल्डनी ओरडून स्लाइड खेचून काढली आणि बोटं भाजून घेतली. कोणीतरी दिवे लावले.

डोंगर गेला होता. टेबल आणि खुर्ची राहिली होती.

पुढच्या आठवड्यात मी गुरुजींकडे गेलो. चित्रासमोर बोललेला नवस चित्रासमोर फेडला तर चालतो का, असं विचारलं.

"तुम्ही हजर होता?"

"नाही."

"दहा पुरुष होते?"

"जास्तच होते."

"यहुदी?"

"कम्युनिस्ट."

त्यांनी दाढी धरली. पुस्तकात बघतो म्हणाले. अजून बघताहेत. मीही घाई करत नाही, कारण नाही म्हणाले तर मला दुसरं काही करता येणार नाही.

स्लाइड मिस पेनफोल्डनी मला देऊन टाकली. सकाळी चहा गाळला की मी ती खिडकीशी उजेडाला धरतो. खुर्ची दिसते. ताटली दिसते. डोळे बारीक केले तर कपही दिसतो. वर डोंगराच्या जागी भोक आहे, त्यातून आमचं मागचं अंगण दिसतं. दोरीवर माझे शर्ट वाळत असतात. फक्त माझेच.